पन्नास चौरस मीटरचे घर आणि नऊ शॉट: लिउ ज्यायिन यांचा सिनेमा समजून घेताना

चिनी दिग्दर्शिका लिउ ज्यायिन यांच्या ‘ऑक्सहाइड २’ या चित्रपटाचे कथानक एका वाक्यात सांगून होते. बीजिंगमधल्या एका लहान घरात आई, वडील आणि त्यांची तरुण मुलगी टेबलाभोवती जमून ज्याओझ करतात, म्हणजे गव्हाच्या पिठाच्या पाऱ्या लाटून त्यांत सारण भरतात, कडा दाबून मिटवतात, उकळत्या पाण्यात शिजवतात आणि शेवटी तिघे बसून ते खातात. एवढे घडायला १३२ मिनिटे लागतात आणि ही १३२ मिनिटे अवघ्या नऊ शॉटमध्ये मांडलेली आहेत. आपण चित्रपटगृहात पाहतो त्या सर्वसाधारण चित्रपटात हजार-दीड हजार शॉट सहज असतात आणि डोळ्यांसमोरचे दृश्य काही सेकंदांत बदलते. इथे एक शॉट सरासरी पावणेपंधरा मिनिटांच्या आसपास टिकतो. २००९ साली कान महोत्सवाच्या काळात भरणाऱ्या ‘डायरेक्टर्स फोर्टनाइट’ या विभागात हा चित्रपट दाखवला गेला.

हे वर्णन ऐकले की पुष्कळांना वाटते, हा केवळ प्रयोगासाठी केलेला प्रयोग असावा आणि तो पाहणे म्हणजे संयमाची परीक्षा असावी. मला तसे वाटत नाही. लिउ यांच्या चित्रपटांना हा आकार कसा आला हे समजून घ्यायचे असेल, तर त्यांच्याजवळ काय होते आणि काय नव्हते हे आधी पाहावे लागते. पैसा नव्हता, स्टुडिओ नव्हता, नट-नट्या नव्हत्या आणि सरकारी परवाना नव्हता. जवळ होते ते पन्नास चौरस मीटरचे, म्हणजे सुमारे ५४० चौरस फुटांचे घर, त्या घरातली माणसे, चामड्याच्या पिशव्या शिवून विकण्याचा वडिलांचा धंदा आणि हातात मावेल असा एक व्हिडिओ कॅमेरा. ज्यासाठी कोणाच्या दारात जावे लागणार नाही एवढ्याच सामग्रीतून त्यांनी चित्रपट उभा केला. त्यांच्या चौकटीची मांडणी, शॉटची लांबी आणि ध्वनीचा वापर या साऱ्यांचे मूळ तिथे आहे.

परवाना आणि ‘स्वतंत्र’ हा शब्द

स्वतंत्र चित्रपट असे आपण म्हणतो तेव्हा बहुधा मोठ्या निर्मितीसंस्थेच्या पैशाशिवाय केलेला चित्रपट आपल्या मनात असतो. चीनमध्ये या शब्दाचा रोख पैशापेक्षा परवान्याकडे जास्त आहे. तिथे चित्रपटगृहात लागणाऱ्या प्रत्येक चित्रपटाच्या सुरुवातीला हिरव्या पार्श्वभूमीवर सोनेरी ड्रॅगनचे एक चिन्ह दिसते आणि त्याखाली परवान्याचा क्रमांक असतो. चित्रपटक्षेत्रातले लोक त्याला ‘लुंगब्याओ’ म्हणजे ड्रॅगनचा शिक्का असे म्हणतात. हा शिक्का मिळवण्यासाठी चित्रीकरणापूर्वी कथेचा गोषवारा सरकारदरबारी नोंदवावा लागतो, आणि तयार झालेला चित्रपट पुन्हा तपासणीसाठी सादर करावा लागतो. आपल्याकडच्या प्रमाणपत्राच्या पद्धतीशी याची तुलना केली तर एक मोठा फरक लगेच लक्षात येतो. भारतात चित्रपटाला प्रेक्षकांच्या वयानुसार वेगवेगळे प्रमाणपत्र मिळू शकते. चीनमध्ये वयानुसार वर्गवारीच नाही. त्यामुळे जे सर्वांना दाखवण्याजोगे नाही असे तपासणाऱ्यांना वाटते, ते कोणालाच दाखवता येत नाही.

शिक्का नसलेला चित्रपट चित्रपटगृहात लागत नाही, त्याची जाहिरात होत नाही, आणि तो परदेशी महोत्सवाला पाठवणे हासुद्धा नियमभंग ठरतो. या नियमाची किंमत काय असू शकते हे दिग्दर्शक लोउ ये यांच्या उदाहरणावरून कळते. त्यांचा १९८९च्या थिएनआनमेन चौकातील घटनांची पार्श्वभूमी असलेला ‘समर पॅलेस’ हा चित्रपट २००६ साली मंजुरीशिवाय कान महोत्सवात दाखवला गेला, आणि त्यांच्यावर पाच वर्षे चित्रपट करण्याची बंदी घालण्यात आली. बंदीच्या त्या काळातच त्यांनी लहान डिजिटल कॅमेरा घेऊन नानजिंगमध्ये पुढचा चित्रपट केला, आणि तो २००९ साली पुन्हा कानलाच पोहोचला. एकीकडे कडक नियम आणि दुसरीकडे खिशात मावणारे यंत्र, यांच्या ओढाताणीतूनच चीनच्या स्वतंत्र सिनेमाची वीस-पंचवीस वर्षे घडली आहेत.

हे यंत्र म्हणजे डीव्ही कॅमेरा. १९९५च्या सुमारास जपानी कंपन्यांनी सामान्य ग्राहकाला परवडतील असे डिजिटल व्हिडिओ कॅमेरे बाजारात आणले आणि १९९०चे दशक संपता संपता ते चीनमधल्या तरुणांच्या हाती आले. त्याआधी चित्रपट करायचा म्हणजे फिल्मची रिळे, प्रयोगशाळा, संकलनाचे टेबल आणि हे सर्व ज्यांच्या ताब्यात होते ते सरकारी स्टुडिओ यांच्यावाचून गत्यंतर नव्हते. स्त्रियांच्या दृष्टीने हा बदल विशेष महत्त्वाचा होता. सरकारी स्टुडिओंच्या काळात पगारी नोकरीत असलेल्या स्त्री-दिग्दर्शकांची पिढी चीनमध्ये होती. शांघाय स्टुडिओतल्या हुआंग शूछिन यांचे नाव त्यांत मानाने घेतले जाते. १९९०च्या दशकात स्टुडिओंना बाजाराच्या नियमाने चालावे लागले, नफ्याचे गणित पुढे आले आणि नव्या दिग्दर्शिकांसाठी ती वाट अरुंद झाली. नेमक्या त्या वेळी दुसरी वाट उघडली. मूळच्या अभिनेत्री असलेल्या यांग लिना यांनी बीजिंगमधल्या आपल्या वस्तीत रस्त्याच्या कडेला उन्हाला बसणाऱ्या वृद्धांचे चित्रण करून १९९९ साली ‘ओल्ड मेन’ हा माहितीपट पूर्ण केला. फंग यान यांनी यांगत्से नदीवरच्या प्रचंड धरणामुळे विस्थापित होणाऱ्या, पण जागा सोडायला तयार नसलेल्या एका शेतकरी स्त्रीचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करून २००७ साली ‘बिंगआय’ हा माहितीपट पुरा केला. लिउ ज्यायिन याच काळातल्या. मात्र त्यांनी माहितीपटाची वाट धरली नाही. त्यांनी कल्पित चित्रपट केला, आणि तो सत्याच्या इतका जवळ नेला की पाहणाऱ्याची फसगत व्हावी.

चामडे

चिनी पद्धतीत आडनाव आधी येते, म्हणून लिउ हे त्यांचे आडनाव. जन्म १९८१चा. बीजिंग फिल्म अकादमीत त्या पटकथालेखन शिकल्या आणि विद्यार्थिदशेतच, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी, त्यांनी ‘ऑक्सहाइड’ केला. चिनी नाव ‘न्यू फी’, म्हणजे बैलाचे कातडे. चामड्याच्या पिशव्या करणाऱ्या माणसाच्या घरावरच्या चित्रपटाला हे नाव शोभतेच, पण चिनी भाषेत ‘कातडे फुगवणे’ म्हणजे बढाया मारणे असाही वाक्प्रचार आहे. आपल्या मालाविषयी अभिमान असलेल्या आणि धंद्यात मात्र पिछाडीला पडत चाललेल्या बापाच्या गोष्टीला या दुसऱ्या अर्थाची किनार आपोआप येते.

चित्रपटात तिघेच आहेत. वडिलांची भूमिका लिउ यांच्या वडिलांनी केली आहे, आईची आईने आणि मुलीची स्वतः लिउ यांनी. लेखन, दिग्दर्शन, छायाचित्रण आणि संकलनही त्यांचेच. कॅमेरा घराबाहेर पडत नाही. ११० मिनिटांत २३ शॉट आहेत आणि प्रत्येक शॉटमध्ये कॅमेरा एका जागी स्थिर आहे. घरातले विषय कोणत्याही घरातले असावेत तसे आहेत. दुकान चालत नाही. मालावर सूट द्यावी की नाही यावरून वाद होतात, कारण सूट देणे म्हणजे हातच्या कारागिरीची किंमत स्वतःच कमी करणे असे वडिलांना वाटते. मुलीची उंची कमी आहे, ती वाढायला हवी, ही त्यांची आणखी एक काळजी, आणि ती काळजी ते मुलीला विसरू देत नाहीत.

सूट देण्याचा वाद मला या चित्रपटाचा गाभा वाटतो. वडिलांचे म्हणणे व्यवहाराच्या दृष्टीने चुकीचे आहे हे घरात सर्वांना कळते, कदाचित त्यांनाही कळते. दुकानाचे भाडे द्यायचे आहे, गिऱ्हाईक शेजारच्या स्वस्त मालाकडे जाते आहे. तरीही आपण शिवलेली पिशवी अर्ध्या किमतीत विकायची या विचाराने हा माणूस दुखावतो आणि त्याचे दुखावणे चित्रपट कोठेही हास्यास्पद करत नाही. मुलीने आपल्या बापाकडे इतक्या जवळून, इतक्या आदराने आणि तरीही काहीही न लपवता पाहिलेले मी पडद्यावर फार थोड्या वेळा पाहिले आहे.

प्रेक्षकाची फसगत होते ती इथे. कॅमेरा घरात ठेवून दिला आणि जे घडले ते टिपले, असा समज सहज होतो. वास्तव वेगळे आहे. संवाद आधी लिहिलेले होते, हालचाली ठरलेल्या होत्या आणि घरात पूर्वी घडून गेलेले प्रसंग त्याच माणसांनी पुन्हा अभिनय करून उभे केले होते. हे किती अवघड आहे याचा विचार करावा. एखादे भांडण घरात खरेच झालेले असते आणि ते संपून बरेच दिवस लोटलेले असतात. आता मुलगी सांगते की तेच भांडण पुन्हा करायचे आहे, आवाज एवढाच चढवायचा आहे, उजवा हात चौकटीबाहेर जाऊ द्यायचा नाही, आणि नीट झाले नाही तर पुन्हा पहिल्यापासून. ज्यांनी कधी अभिनय केलेला नाही अशा आई-वडिलांकडून हे करून घेणे, आणि स्वतःही त्यात मुलगी म्हणून उभे राहणे, याला मोठी शिस्त लागते. त्या शिस्तीचा मागमूसही पडद्यावर दिसत नाही, आणि तो दिसू नये यासाठीच सारे कष्ट घेतलेले आहेत.

२००५ सालच्या बर्लिन महोत्सवात ‘फोरम’ या विभागात ‘ऑक्सहाइड’ दाखवला गेला, तिथे त्याला आंतरराष्ट्रीय चित्रपट समीक्षक महासंघाचा पुरस्कार आणि कॅलिगारी पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी व्हँकुव्हर महोत्सवात नव्या आशियाई दिग्दर्शकांसाठी असलेला ‘ड्रॅगन्स अँड टायगर्स’ पुरस्कारही त्याने मिळवला. एका विद्यार्थिनीने घरात केलेल्या चित्रपटाच्या वाट्याला एवढे यश यावे ही मोठीच गोष्ट होती. पण बीजिंगमधल्या कोणत्याही सामान्य चित्रपटगृहात तिकीट काढून तो पाहणे शक्य नव्हते, कारण ‘ऑक्सहाइड’ आणि त्याचा पुढचा भाग हे दोन्ही चित्रपट शिक्क्याच्या व्यवस्थेबाहेर तयार झाले होते.

न हलणाऱ्या चौकटीत काय पाहायचे

दीर्घ, स्थिर शॉट हा प्रकार अनेकांना कठीण वाटतो, म्हणून त्याची कार्यपद्धती थोडी उलगडून सांगणे आवश्यक आहे.

नेहमीच्या चित्रपटात दिग्दर्शक कट मारतो तेव्हा तो आपल्याला सांगत असतो की आता इथे पाहा. बोलणाऱ्याचा चेहरा, मग ऐकणाऱ्याचा चेहरा, मग टेबलावरचे पत्र. कोणती गोष्ट महत्त्वाची हे आपल्यासाठी आधीच ठरलेले असते आणि आपली नजर निवांतपणे मागे मागे जाते. कट काढून टाकला की हे काम आपल्यावर येते. पहिल्या मिनिटात आपण अस्वस्थ होतो, कारण काही घडत नाही असे वाटते. दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटात नजर आपली आपण फिरू लागते. टेबलाची झिजलेली कड दिसते, हातांची लय दिसते, कोणी बोलत असताना दुसऱ्याचा हात क्षणभर थांबला हेही दिसते. दिग्दर्शिकेने आपल्याला बोट धरून तिथे नेलेले नसते. परंतु तो हात तिथे आणि त्याच क्षणी थांबावा याची व्यवस्था तिने केलेली असते.

‘ऑक्सहाइड’ची चौकट रुंद आणि बुटकी आहे, उंचीच्या २.३५ पट रुंदी. डोंगर, वाळवंट, घोडदळ दाखवण्यासाठी भव्य चित्रपटांत वापरली जाणारी ही चौकट लिउ यांनी अडगळीच्या घरासाठी निवडली. बुटक्या चौकटीत उभा माणूस मावत नाही. म्हणून त्यांच्या चित्रपटात माणसे क्वचितच पूर्ण दिसतात. कधी खांदा आणि मान, कधी टेबलाच्या कडेवरचे हात, कधी पाठ. चेहरा चौकटीबाहेर आणि आवाज मात्र चौकटीत. लहान घरात राहणाऱ्या माणसांना हे दृश्य अनोळखी नाही. एवढ्याशा जागेत तीन माणसे वावरत असली की आपण एकमेकांना समोरून, पूर्ण आणि दुरून पाहतच नाही. शेजारून जाणारी कोपरे दिसतात, स्वयंपाकाच्या बाजूने आवाज येतो, अंधारात पडल्या पडल्या कोणी बोललेले कानावर येते. मोठी चौकट लहान घरात आणल्यामुळे घराचे लहानपण सांगावे लागत नाही, ते अंगाला जाणवते.

चौकटीबाहेरच्या ध्वनीला त्यामुळे फार मोठे काम मिळते. जे दिसत नाही ते ऐकू येते आणि ऐकून आपण मनातल्या मनात घराचा नकाशा पूर्ण करतो. माझा अनुभव असा आहे की चित्रपट अर्धा झाला की त्या घरात चूल कुठे आणि दार कुठे हे आपल्याला ठाऊक झालेले असते, जरी ते सरळ कोणी दाखवलेले नसले तरी.

यात यंत्राचाही एक भाग आहे आणि तो सहसा सांगितला जात नाही. ३५ मिलिमीटर फिल्मचे एक हजार फुटांचे रीळ कॅमेऱ्यात सुमारे अकरा मिनिटे चालते. ते संपले की शॉट संपलाच पाहिजे. म्हणजे ‘ऑक्सहाइड २’मधला सरासरी लांबीचा शॉटसुद्धा अशा एका रिळावर घेता आला नसता. डीव्हीची छोटी कॅसेट साधारण तासभर चालते आणि ती स्वस्तही असते, त्यामुळे वीस मिनिटांचा शॉट अठराव्या मिनिटाला बिघडला तर फार तर दमणूक होते, कर्ज होत नाही. गरिबांचे यंत्र म्हणून ज्याकडे पाहिले गेले, त्यानेच ही श्रीमंती शक्य केली.

टेबलाभोवती एक फेरा

पहिल्या चित्रपटात २३ शॉट होते, दुसऱ्यात नऊ. पहिल्यात घरातले अनेक दिवस आणि अनेक प्रसंग होते, दुसऱ्यात एकच जेवण आहे आणि त्याचा वेळ घड्याळाच्या वेळेइतकाच आहे. सारण चिरायला जितका वेळ लागतो तितका तो लागू दिला आहे. सुरुवातीला टेबलावर वडिलांचे चामड्याचे काम चालू असते. बऱ्याच वेळाने ते आवरले जाते आणि त्याच टेबलावर पीठ येते. ज्या टेबलावर पोटासाठी कमवायचे त्याच टेबलावर पोटासाठी रांधायचे, हे त्या घराच्या अर्थशास्त्राचे सर्वांत नेमके वर्णन आहे आणि त्यासाठी एकही संवाद खर्च झालेला नाही.

कॅमेऱ्याची रचना भूमितीसारखी काटेकोर आहे. प्रत्येक नव्या शॉटला कॅमेरा टेबलाभोवती ४५ अंशांनी पुढे सरकतो. नऊ शॉट म्हणजे मधली आठ स्थलांतरे, आणि आठ वेळा ४५ म्हणजे ३६०. चित्रपट संपतो तेव्हा कॅमेऱ्याने टेबलाला एक पूर्ण फेरा घातलेला असतो. पाहताना हे गणित लक्षात यायलाच हवे असे नाही. पण एका बाजूने जे लपलेले होते ते पुढच्या शॉटमध्ये उघडे होते, जो मघाशी पाठमोरा होता त्याचे हात आता दिसू लागतात, आणि या हळूहळू उलगडण्यातून एक उत्सुकता तयार होते जी कथानकातून आलेली नसते.

या चित्रपटात मुलगी पाऱ्या आणि सारणाच्या कामात आई-वडिलांइतकी तरबेज नाही. त्यांचे हात वर्षांच्या सवयीने चालतात, तिचे थबकतात. काम चालू असताना बोलणे चालू राहते, दुकानाचे काय होणार हा प्रश्न मध्येच डोके वर काढतो आणि पुन्हा पिठाखाली जातो. घरातली अवघड बोलणी अशीच होतात. समोरासमोर बसून फार क्वचित, हात कामात आणि नजर खाली असताना जास्त. या एका निरीक्षणासाठी मी हा चित्रपट पहिल्यापेक्षाही वरचा मानतो. वडिलांचे कसब धंद्याला तारत नसले तरी त्या टेबलावर ते निरर्थक नाही, हे तिथे पिठात माखलेल्या हातांवरून कळते, आणि मुलीच्या कॅमेऱ्याने ते कसब अर्ध्या किमतीत काढलेले नाही.

मधली चौदा वर्षे

‘ऑक्सहाइड २’ नंतर लिउ यांचा पुढचा पूर्ण लांबीचा चित्रपट यायला २०२३ साल उजाडले. मधल्या काळात त्या बीजिंग फिल्म अकादमीत पटकथालेखन शिकवत होत्या. चौदा वर्षांचा हा खंड केवळ एका व्यक्तीच्या आयुष्यातला म्हणून पाहता येत नाही, कारण याच काळात त्यांच्या सिनेमाला जी जमीन होती तीच आकसत गेली.

शिक्का नसलेले चित्रपट चीनमध्ये पूर्वी अजिबात दिसत नव्हते असे नाही. महाविद्यालयांची सभागृहे, कलादालने, कॉफीची दुकाने आणि मोजके स्वतंत्र महोत्सव यांतून ते थोड्या लोकांपर्यंत पोहोचत. नानजिंगमध्ये २००३ पासून असा महोत्सव भरत होता, खुनमिंगमध्ये माहितीपटांचा होता, आणि बीजिंगच्या वेशीवरच्या सोंगच्वांग या कलावंतांच्या वस्तीत आणखी एक. सोंगच्वांगचा महोत्सव ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू होण्याच्या दिवशीच अधिकाऱ्यांनी बंद पाडला आणि वर्षानुवर्षे जमवलेला चित्रपटांचा व कागदपत्रांचा संग्रह उचलून नेला. १ मार्च २०१७ रोजी नवा चित्रपट कायदा अमलात आला, त्यात मंजुरीविना चित्रपट दाखवणे किंवा परदेशी महोत्सवाला पाठवणे यांसाठी जबर दंडाची तरतूद झाली. २०१८ मध्ये चित्रपटांचा कारभार थेट कम्युनिस्ट पक्षाच्या प्रचार विभागाकडे गेला. जानेवारी २०२० मध्ये नानजिंगच्या महोत्सवानेही थांबत असल्याचे जाहीर केले. डीव्ही कॅमेऱ्याने चित्रपट करणे सोपे केले होते, आणि आता प्रत्येकाच्या फोनमध्ये त्याहून चांगला कॅमेरा होता. परंतु तो चित्रपट दहा-वीस माणसांना एकत्र बसवून दाखवायची जागा उरली नव्हती. स्वतंत्र सिनेमाचा श्वास अडकतो तो बहुतेक वेळा इथे, आणि बाहेरून पाहणाऱ्यांच्या हे पटकन लक्षात येत नाही.

अशा वेळी दिग्दर्शकापुढे थोड्या वाटा उरतात. काहींनी देश सोडला. काहींनी कॅमेरा ठेवून दिला. यांग लिना यांच्यासारख्या काहींनी शिक्क्याच्या व्यवस्थेत राहून कल्पित चित्रपट करायला घेतले. आई आणि मुलीच्या नात्यावरचा त्यांचा ‘स्प्रिंग टाइड’ २०१९ सालचा. लिउ यांनीही शेवटी हीच वाट घेतली. याला माघार म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

ऐकणारा माणूस

त्यांच्या २०२३च्या चित्रपटाचे चिनी नाव ‘बू शू त्स शिंग’, अर्थ साधारण असा की हा प्रवास वाया गेला नाही. इंग्रजीत तो ‘ऑल इअर्स’ या नावाने गेला. नायकाच्या भूमिकेत हू ग हा चीनमधला अतिशय लोकप्रिय नट आहे, म्हणजे वरकरणी पाहता ‘ऑक्सहाइड’च्या अगदी उलट टोक. नायक वन शान हा पटकथालेखक म्हणून यश न मिळालेला माणूस. पोटासाठी तो मृत्यूनंतरची श्रद्धांजलीची भाषणे लिहून देतो. कोणी गेले की तो घरच्यांना भेटतो, गेलेल्या माणसाविषयी विचारतो, आणि ऐकत बसतो. त्याच्या नावातले ‘वन’ हे अक्षरच ऐकणे या अर्थाचे आहे.

घरची माणसे गेलेल्याविषयी बोलू लागतात तेव्हा मोठ्या गोष्टी सांगत नाहीत, त्यांना त्या आठवतही नाहीत. सवयी सांगतात, घरातली किरकोळ कामे सांगतात, न बोललेल्या गोष्टींच्या कडेकडेने जातात. भाषण लिहिणाऱ्याला त्यातून माणूस उभा करायचा असतो, आणि तो माणूस आप्तांना ओळखू आला पाहिजे. ‘ऑक्सहाइड’मध्ये लिउ यांनी आपल्या घराबाबत जे केले होते तेच काम हा नायक परक्या घरांत जाऊन करतो. चित्रपट रचनेने मवाळ आहे, कट पुष्कळ आहेत, चेहरे पूर्ण दिसतात, संगीत सोबत करते. पहिल्या दोन चित्रपटांचा काटेकोरपणा इथे नाही आणि मला त्याची उणीव भासते. पण सामान्य माणसाच्या सामान्य तपशिलांना थांबून, घाई न करता ऐकण्याची वृत्ती तीच आहे. ती तेविसाव्या वर्षी होती आणि चाळिशी ओलांडल्यावरही टिकली.

जून २०२३ मध्ये शांघाय आंतरराष्ट्रीय महोत्सवात लिउ ज्यायिन यांना उत्कृष्ट दिग्दर्शनाचा आणि हू ग यांना उत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. ९ सप्टेंबर २०२३ रोजी चित्रपट चीनभर प्रदर्शित झाला. पडदा उजळला, हिरव्या पार्श्वभूमीवरचा सोनेरी ड्रॅगन आला आणि गेला, आणि ज्या शहरातल्या घरात त्यांचे पहिले दोन चित्रपट घडले त्या शहरातल्या लोकांना लिउ ज्यायिन यांचा चित्रपट आपल्या जवळच्या चित्रपटगृहात तिकीट काढून पाहता आला.